घटक ७ : साकुरीचे उपासनी महाराज – एका परिघावरील संप्रदायाचे स्थलांतर आणि वाढ

७.१ उद्दिष्टे

विद्यार्थी मित्रहो, या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

• उपासनी महाराजांच्या जीवनक्रमातील प्रमुख टप्पे कालानुक्रमे सांगता येतील.
• एखादा धार्मिक समूह एका गावातून दुसऱ्या गावी गेल्यावर त्याच्या स्वरूपात कोणते बदल होतात, हे स्पष्ट करता येईल.
• कन्याकुमारी स्थानाचे महत्त्व आणि त्याविषयीचे आक्षेप या दोहोंचा समतोल विचार मांडता येईल.
• भक्तांनी लिहिलेले चरित्र वाचताना घटना आणि श्रद्धा यांत फरक करता येईल.

७.२ प्रस्तावना

नगर–मनमाड रस्त्याने उत्तरेकडे निघालात की राहाता हे गाव लागते. पेरूच्या बागांसाठी ते प्रसिद्ध आहे. तेथून शिर्डी अवघ्या पाच किलोमीटरवर. जगभरातील भाविक या रस्त्याने शिर्डीला जातात. मात्र राहात्याला लागूनच असलेल्या साकुरीकडे, ज्याला अनेक जण साकोरी असेही म्हणतात, वळणारे त्या मानाने फार थोडे. या साकुरीत स्त्रियांचा एक आश्रम आहे. तेथे ब्रह्मचारिणी स्त्रिया वेदमंत्रांचे पठण करतात आणि स्वतः यज्ञ करतात. ज्या काळी स्त्रीने वेदाक्षर उच्चारणेही निषिद्ध मानले जात होते, त्या काळी ही प्रथा येथे सुरू झाली. ती सुरू करणारे काशीनाथ गोविंद उपासनी, म्हणजेच उपासनी महाराज, हे या घटकाचे चरित्रनायक आहेत.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तुम्ही महानुभाव पंथाचा अभ्यास केला आहे. रूढ धर्मव्यवस्थेच्या कडेला उभा राहिलेला एक लहान समूह, त्याचा विलक्षण गुरू, स्त्रियांना मिळालेला प्रवेश, गुरूच्या पश्चात ऋद्धिपूर येथे एकवटलेले शिष्य आणि त्या समूहाने जपलेल्या आठवणींतून सिद्ध झालेले ‘लीळाचरित्र’ हे सारे तुमच्या परिचयाचे आहे. विसाव्या शतकात, आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात, तशीच एक प्रक्रिया अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात घडली. असे संप्रदाय कसे जन्मतात, का स्थलांतर करतात आणि कशाच्या बळावर टिकतात, हे समजून घेण्यासाठी उपासनी महाराजांचे जीवन फार उपयुक्त आहे.

एक सूचना आरंभीच लक्षात ठेवा. महाराजांविषयीची बहुतेक माहिती त्यांच्या अनुयायांनी लिहिलेल्या चरित्रांतून येते. त्यांत चमत्कारांच्या कथा भरपूर आहेत. या घटकात आपण त्या कथांची चिकित्सा करत बसणार नाही; गावे, माणसे, वर्षे आणि संस्था यांवर लक्ष केंद्रित करणार आहोत.

७.३ पूर्वायुष्य : अपयशांची मालिका

काशीनाथ यांचा जन्म १५ मे १८७० रोजी नाशिक जिल्ह्यातील सटाणा येथे झाला. घराणे वैदिक ब्राह्मणांचे. आजोबा विद्वान शास्त्री म्हणून ख्यातकीर्त होते, तर वडील धुळे येथील न्यायालयात नोकरीस होते. थोरले बंधू बाळकृष्णशास्त्री संस्कृतचे व्यासंगी अध्यापक म्हणून पुढे आले. अशा घरात काशीनाथाचे मन मात्र शाळेत रमले नाही. त्या काळच्या रीतीप्रमाणे लहान वयात त्याचा विवाह झाला. पहिली पत्नी अकाली निवर्तली. दुसऱ्या पत्नीचेही तसेच झाले. घर सोडून भटकणे, उपास काढणे, डोंगरात जाऊन बसणे असे त्याचे पूर्वतारुण्य गेले. नाशिकजवळच्या भोरगडाच्या एका कपारीत त्याने दीर्घकाळ ध्यानस्थ राहून काढला, असे चरित्रकार सांगतात.

येथे थांबून या तरुणाच्या परिस्थितीचा विचार करा. विद्वानांच्या घरातील शिक्षण अर्धवट सोडलेला, चरितार्थाचे साधन नसलेला आणि दोनदा विधुर झालेला हा मुलगा कुटुंबाच्या दृष्टीने वाया गेलेलाच होता. पुढे मात्र त्याने संसाराची घडी बसवण्याचा मनापासून प्रयत्न केला. सांगली येथे जाऊन आयुर्वेदाचे शिक्षण घेतले, तिसरा विवाह केला आणि अमरावतीला वैद्यकीचा व्यवसाय थाटला. सुमारे दहा वर्षे तो चांगला चालला. ‘भेषजरत्नमाला’ नावाचे वैद्यकविषयक मासिकही त्यांनी काढले. पुढे ग्वाल्हेर संस्थानात जमीन घेऊन मालगुजार होण्याचा बेत केला. त्यात जवळची पुंजी गेली आणि प्रकृतीही ढासळली.

१९१० मध्ये पत्नीसह तीर्थयात्रेस निघाले असता नर्मदातीरी ओंकारेश्वरच्या परिसरात प्राणायाम करताना त्यांचा श्वास अडकला आणि ते बेशुद्ध पडले. शुद्धीवर आल्यावर श्वसनाचा त्रास कायमचा मागे लागला. वैद्य असलेल्या माणसाला स्वतःच्या आजारावर उपाय सापडेना. नागपूर, धुळे अशी ठिकाणे फिरून झाल्यावर हा विकार औषधाने बरा होणारा नाही, योगमार्गातील जाणत्यालाच तो कळेल, असे त्यांच्या मनाने घेतले. अशा शोधात ते राहुरीला आले. तेथील एका योगाभ्यासी गृहस्थांनी त्यांना शिर्डीच्या साईबाबांकडे जाण्याचा सल्ला दिला. मशिदीत राहणाऱ्या फकिरापुढे डोके टेकवायचे, हे शास्त्र्यांच्या नातवाला रुचले नाही. त्यांनी तो सल्ला प्रथम नाकारला, आणखी काही साधुपुरुषांची भेट घेतली आणि अखेरीस जून १९११ मध्ये ते शिर्डीस पोहोचले. तेव्हा त्यांचे वय ४१ वर्षांचे होते.

७.४ शिर्डीतील तीन वर्षे

शिर्डी त्या काळी कोपरगाव तालुक्यातील एक लहान खेडे होते. धोंड–मनमाड लोहमार्गावरील कोपरगाव किंवा चितळी येथे उतरून लोक टांग्याने वा बैलगाडीने तेथे येत. मुंबईचे सरकारी नोकर, वकील आणि व्यापारी बाबांच्या दर्शनास येऊ लागले होते; पण त्या श्रद्धेला संस्थेचे रूप आलेले नव्हते. बाबांनी उपासनींना गावाबाहेरील खंडोबाच्या मंदिरात चार वर्षे स्वस्थ राहण्यास सांगितले, असे परंपरा मानते.

ते मंदिर तेव्हा ओसाड होते. साप-विंचवांची वस्ती असलेल्या त्या जागी उपासनी एकांतात राहू लागले. अन्नावरची वासना उडाली आणि शरीर कृश झाले. ते कधी मोलमजुरांसोबत कष्ट करत, कधी दगड फोडत, तर कधी दिवसदिवस कोणाशी बोलत नसत. शिर्डीत असतानाच त्यांची तिसरी पत्नी मरण पावली आणि संसाराचा शेवटचा धागा तुटला.

१९१३ च्या गुरुपौर्णिमेच्या सुमारास बाबांनी आपल्या एका भक्त स्त्रीस खंडोबाच्या मंदिरात जाऊन उपासनींची पूजा करण्यास सांगितले. येथून एक नवा प्रश्न निर्माण झाला. गुरू हयात असताना त्यांच्याच गावात दुसऱ्या माणसाची पूजा होऊ लागली, तेव्हा शिर्डीतील काही मंडळींना ते सहन झाले नाही. बाबांची दीर्घकाळ सेवा केलेल्यांना हा नवखा, तुसडा वाटणारा ब्राह्मण बाबांचा वारस ठरतो की काय, अशी शंका येणे स्वाभाविक होते. टोमणे, अपमान, उपद्रव वाढत गेले. चार वर्षांची मुदत पुरी होण्याआधीच, जुलै १९१४ मध्ये, उपासनींनी शिर्डी सोडली.

आपली प्रगती तपासा – १
(अ) शिर्डीस येण्यापूर्वी उपासनींनी कोणकोणते व्यवसाय केले?
(आ) शिर्डीतील काही भक्तांना त्यांचा विरोध का वाटला असावा? चार-पाच वाक्यांत लिहा.

७.५ स्थलांतर : शिर्डी, खरगपूर, साकुरी

शिर्डीहून ते नागपूरकडे गेले आणि १९१५ मध्ये बंगालमधील खरगपूर येथे पोहोचले. खरगपूर हे बंगाल–नागपूर रेल्वेमुळे वाढलेले गाव. निरनिराळ्या प्रांतांतील कामगार तेथे एकत्र आले होते. उपासनी राहिले ते सफाई कामगारांच्या वस्तीत. अंगावर गोणपाट, हातात झाडू, गटारे आणि शौचकूप स्वच्छ करण्याचे काम, असा त्यांचा दिनक्रम होता. वेदशास्त्रसंपन्न घराण्यातील माणसाने हे करावे, ही त्या काळी सर्वांना हादरवणारी गोष्ट होती. थोड्याच दिवसांत त्यांच्याभोवती गर्दी जमू लागली. बंगाली, तेलुगू, मराठी असे विविध भाषक त्यांची पूजा करू लागले.

या प्रसंगाचे महत्त्व नीट लक्षात घ्या. शिर्डीत उपासनींची ओळख साईबाबांचा शिष्य अशी होती. खरगपूरमध्ये ती ओळख कोणाला ठाऊक नव्हती, तरीही लोक जमले. त्यांच्याभोवती स्वतंत्र अनुयायी-समूह उभा राहू शकतो, हे तेथे प्रथम सिद्ध झाले. मात्र तो समूह एका माणसाच्या सहवासावर उभा होता. त्याला जागा नव्हती, नियम नव्हते आणि पुढची पिढीही नव्हती. महाराज निघून गेले आणि खरगपूरची गर्दी पांगली.

खरगपूर सोडल्यावर नागपूर, पुणे इत्यादी ठिकाणी राहून ते पुन्हा शिर्डीच्या परिसरात आले. परंतु त्यांनी मुक्काम शिर्डीत केला नाही. १९१७ मध्ये साकुरीच्या स्मशानभूमीत भक्तांनी त्यांच्यासाठी एक झोपडी उभारली आणि ते तेथे राहू लागले.

स्मशानाची निवड सहज झालेली नसावी. गावगाड्यात प्रत्येक जागेला मालक असतो, मानपान असतो. मंदिर म्हटले की गुरव आणि पुजारी आले, वाडा म्हटला की पाटील-कुलकर्णी आले. स्मशानावर कोणी हक्क सांगत नाही. तेथे वस्ती करणाऱ्याशी कोणाचे भांडण होत नाही. शिवाय मृत्यूच्या सान्निध्यात राहणारा विरक्त ही प्रतिमा लोकमानसात परिचित होती. साकुरीचे अंतरही सोयीचे होते. गुरूच्या गावाशी नाते राहावे इतके ते जवळ होते आणि गुरूच्या भक्तांशी रोजचा सामना होऊ नये इतके लांब. राहात्याची बाजारपेठ जवळ असल्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांची व्यवस्था होत असे. शिर्डीला आलेला भाविक साकुरीलाही सहज डोकावू शकत असे. पाच किलोमीटरच्या या स्थलांतराने उपासनींना शिर्डीशी वैर न धरता स्वतंत्र होता आले.

१५ ऑक्टोबर १९१८ रोजी साईबाबांनी देह ठेवला. त्यानंतरच्या धार्मिक विधींत उपासनींचा सहभाग होता. बाबांची आरती-पूजा नित्यनेमाने करणारे बापूसाहेब जोग पुढे साकुरीस येऊन राहिले. शिर्डीत १९२२ साली न्यायालयाच्या योजनेनुसार संस्थानाची रीतसर घडी बसली. समाधी आणि तिची व्यवस्था हे तिचे केंद्र ठरले. जिवंत गुरूची ओढ असणाऱ्या काही भक्तांची पावले मात्र साकुरीकडे वळली.

७.६ साकुरीची वाढ

झोपडीच्या जागी हळूहळू आश्रम उभा राहिला. येणाऱ्यांत केवळ ब्राह्मण वा हिंदूच नव्हते. पारशी आणि इराणी कुटुंबेही मोठ्या संख्येने येत. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध नाव पुण्याच्या मेहेरवान शेरियार इराणी या तरुणाचे. पुढे मेहेरबाबा म्हणून जगभर ओळखले गेलेले ते हेच. १९१५ मध्ये त्यांची व उपासनींची पहिली भेट झाली आणि १९२१ मध्ये त्यांनी साकुरीस सुमारे सहा महिने मुक्काम केला. या तरुणाला आपण सर्व काही दिले आहे, असे महाराजांनी आपल्या भक्तांना सांगितल्याचे दोन्ही परंपरांत नमूद आहे. साकुरीतील काही हिंदू भक्तांना हे आवडले नाही. शिर्डीत उपासनींच्या वाट्याला जे आले होते, त्याचीच ही पुनरावृत्ती होती. मेहेरबाबा साकुरीतून बाहेर पडले, प्रथम मुंबईस राहिले आणि १९२३ मध्ये नगरजवळील आरणगाव येथे आले. तेच आजचे मेहेराबाद.

डिसेंबर १९२२ मध्ये महाराजांनी एक विलक्षण गोष्ट केली. बांबूचा एक लहानसा पिंजरा करवून ते स्वतः त्यात जाऊन बसले आणि वर्षाहून अधिक काळ आतच राहिले. १९२४ च्या आरंभी ते बाहेर आले. भक्तांनी याचा अर्थ, गुरूने शिष्यांचे बंधन आपल्यावर घेतले, असा लावला. सामाजिक दृष्टीने पाहिले तर आणखी एक परिणाम दिसतो. ज्या माणसाने आयुष्यभर गाव बदलले, तो आता एका जागी स्थिर झाला. दर्शनाला येणाऱ्यांना तो निश्चितपणे भेटू लागला. पिंजऱ्याच्या गजांआडून तो तासन्‌तास बोलू लागला आणि ते बोलणे लिहून घेतले जाऊ लागले. ‘उपासनी वाक्सुधा’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवचनांचा पाया याच काळात घातला गेला.

मराठीचे विद्यार्थी म्हणून या प्रवचनांच्या भाषेकडे तुमचे लक्ष जायला हवे. शास्त्रातील संज्ञा घरगुती दृष्टान्तांनी उलगडणे, मध्येच श्रोत्यांना खडसावणे, एकच मुद्दा फिरफिरून सांगणे, ही बोलल्या गद्याची लक्षणे त्यांत आढळतात. महाराजांचा स्वभाव तापट होता. शिव्या, प्रसंगी मार, हे त्यांच्या भेटीला आलेल्यांना नवीन नव्हते. प्रतिष्ठितांची भीडमुर्वत ते ठेवत नसत. अशा स्वभावाच्या माणसाभोवती संस्था उभी राहणे कठीण असते. ती राहिली, याचे कारण पुढील भागात पाहू.

७.७ कन्याकुमारी स्थान

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात साकुरीच्या आश्रमाला वेगळे वळण लागले. काही अविवाहित मुली आश्रमात कायमच्या राहू लागल्या. त्यांचा समूह ‘कन्याकुमारी स्थान’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यांना संस्कृत शिकवण्यात येई, वेदमंत्र आणि स्तोत्रे पाठ करवून घेतली जात, पूजा व यज्ञाचे विधी शिकवले जात. आजन्म ब्रह्मचर्य, साधा आहार, ठरलेली दिनचर्या आणि सामूहिक उपासना, असे त्यांच्या जीवनाचे स्वरूप होते.

या उपक्रमाचे धाडस कळण्यासाठी तत्कालीन परिस्थिती आठवा. स्त्रीला वेदाधिकार नाही, हे मत शास्त्रीपंडितांत दृढमूल होते. वारकरी परंपरेने मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई यांना अभंगाचा अधिकार दिला. महानुभावांत महदंबेने धवळे रचले. परंतु यज्ञकुंडासमोर बसून मंत्र म्हणण्याचा अधिकार स्त्रीला मिळाला नव्हता. उपासनींची भूमिका अशी होती की स्त्रीच्या ठायी समर्पणाची वृत्ती स्वभावतः असते, म्हणून अध्यात्मात तिची गती पुरुषापेक्षा सुकर असते आणि तिच्या साधनेचा लाभ तिच्या कुळालाही होतो. ही भूमिका समतेच्या आधुनिक विचारातून आलेली नव्हती. ती परंपरेच्याच भाषेत मांडलेली होती. परंतु तिच्यातून निघालेली कृती परंपरेच्या विरुद्ध जाणारी होती. पुण्यात शंकरराव थत्ते यांनी स्त्रियांना पौरोहित्य शिकवण्याचे वर्ग १९७० च्या दशकात सुरू केले. साकुरीच्या कन्या त्याच्या कितीतरी आधी मंत्र म्हणत होत्या.

याच समूहात एक लहान मुलगी होती, गोदावरी. १९१४ मध्ये विदर्भातील शेगाव येथे जन्मलेली ही मुलगी वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास महाराजांच्या दर्शनास आली आणि पुढे आश्रमाचीच झाली. तिच्यावर महाराजांचा विशेष विश्वास होता.

आपली प्रगती तपासा – २
(अ) खरगपूर आणि साकुरी येथील अनुयायी-समूहांत कोणता मूलभूत फरक होता?
(आ) कन्याकुमारी स्थानाची भूमिका परंपरानिष्ठ होती की परंपराविरोधी? तुमचे मत कारणांसह लिहा.

७.८ आक्षेप आणि त्यांचे वजन

१९३० च्या दशकात कन्याकुमारी स्थानावर वृत्तपत्रांतून आणि सभांतून कडाडून टीका झाली. अल्पवयीन मुली आश्रमास अर्पण करण्याची कल्पनाच अनेकांना असह्य वाटली. समर्पणाच्या विधीला टीकाकारांनी विवाहाचे नाव दिले. अनुयायांच्या मते ती देवाशी बांधलेली गाठ होती आणि गुरू हा त्या देवाचा प्रतिनिधी होता.

ही टीका केवळ द्वेषातून आली, असे मानणे चुकीचे ठरेल. बालविवाहाला आळा घालणारा कायदा १९२९ मध्ये संमत झाला होता. देवदासींच्या संरक्षणासाठी मुंबई प्रांताने १९३४ मध्ये कायदा केला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले होते. म्हणजे उपासनी साकुरीच्या स्मशानात राहायला आले, त्याच्या आदल्याच वर्षी. ‘किर्लोस्कर’सारखी मासिके बुवाबाजीवर प्रखर लेखन करत होती. मुलीच्या आयुष्याचा निर्णय तिच्या जाणत्या संमतीवाचून कोणी घेऊ नये, हे तत्त्व महाराष्ट्र मोठ्या कष्टाने शिकत होता. अशा वेळी धर्माच्या नावाने मुली वाहिल्या जातात, हे पाहून सुधारकांनी गप्प बसणे शक्य नव्हते.

दुसरी बाजूही पाहा. त्या काळातील सामान्य घरातील मुलीपुढे पर्याय किती होते? लहानपणी लग्न, वारंवार बाळंतपणे आणि दुर्दैवाने वैधव्य आले तर केशवपन, ही अनेकींची वाट होती. विद्यापीठापर्यंत पोहोचणाऱ्या मुली बोटांवर मोजण्याइतक्या. साकुरीत मुलीला अक्षर मिळाले, संस्कृत मिळाले, समाजात मान मिळाला आणि संसारापलीकडचे एक आयुष्य मिळाले. मात्र ते स्वीकारण्याचे वय तिने निवडलेले नसे आणि अनेकदा निर्णय आई-वडिलांचा असे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. चरित्राच्या अभ्यासकाने त्यांपैकी एक लपवून दुसरी पुढे करू नये. कन्यांनी पुढे आयुष्यभर त्या जीवनात राहून संस्था उभी केली, ही त्यांच्या कर्तृत्वाची साक्ष आहे. परंतु आरंभीच्या संमतीचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

७.९ गुरूच्या पश्चात

ऑक्टोबर १९४१ मध्ये दहिगाव येथे उपासनी आणि मेहेरबाबा यांची अखेरची भेट झाली. जवळजवळ वीस वर्षांनी ते दोघे समोरासमोर आले होते. त्यानंतर दोन महिन्यांनी, २४ डिसेंबर १९४१ रोजी, साकुरी येथे महाराजांनी देह ठेवला. त्यांचे वय ७१ वर्षांचे होते.

संप्रदायाच्या इतिहासात गुरूचा मृत्यू हा कसोटीचा क्षण असतो. समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी दाखवून दिले आहे की विलक्षण व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावावर उभा असलेला समूह त्या व्यक्तीनंतर टिकायचा असेल, तर त्या प्रभावाचे रूपांतर नियमांत, पदांत आणि नित्यक्रमात व्हावे लागते. साकुरीत हे रूपांतर आधीच झालेले होते. पहाटेचे पठण, पूजेची वेळ, यज्ञाचा विधी या गोष्टी महाराज असोत वा नसोत, चालू राहू शकत होत्या. त्या चालवणाऱ्या प्रशिक्षित कन्या तेथे होत्या. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गोदावरी मातांनी आश्रमाचे नेतृत्व स्वीकारले आणि १९९० मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते सांभाळले. महाराजांचा रुद्र स्वभाव आणि मातांचे शांत, ममताळू वागणे यांतील अंतर भेट देणाऱ्यांना जाणवे. ज्या संस्थेवर एके काळी टीकेचा भडिमार झाला, ती त्यांच्या काळात समाजमान्य झाली. १९५० च्या दशकात मेहेरबाबा साकुरीस आले, तेव्हा त्यांचे आदराने स्वागत झाले आणि जुना दुरावा संपला.

आता नकाशावर तीन ठिकाणे एका रेषेत पाहा : शिर्डी, साकुरी आणि आरणगाव. तिन्ही एकाच जिल्ह्यातील आणि एकाच गुरुपरंपरेशी जोडलेली. साईबाबांनी उत्तराधिकारी नेमला नाही. शिर्डी समाधी आणि संस्थान यांच्या आधारे वाढली. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ पासून मौन धरले, देशोदेशी प्रवास केला आणि जगभर विखुरलेले अनुयायी जोडले. १९६९ मध्ये त्यांच्या निधनानंतर आरणगावची समाधी त्या सर्वांचे केंद्र ठरली. साकुरीने तिसरा मार्ग धरला. तेथे परंपरा पुढे नेली ती स्त्रियांच्या एका शिस्तबद्ध समूहाने. संख्येच्या दृष्टीने साकुरी तिघांत लहान राहिली. परंतु जिवंत व्यक्तींकडून जिवंत व्यक्तींकडे विद्या सोपवली जाण्याची परंपरा तिनेच सर्वांत नेटाने जपली.

७.१० सारांश

उपासनी महाराजांचे जीवन एका अर्थाने स्थलांतरांचे जीवन आहे. सटाणा, भोरगड, अमरावती, ग्वाल्हेर, ओंकारेश्वर, शिर्डी, खरगपूर आणि शेवटी साकुरी. प्रत्येक ठिकाणी त्यांनी काहीतरी गमावले. साकुरीत मात्र त्यांच्याभोवती जमलेल्या श्रद्धेला प्रथमच स्थिर जागा मिळाली, नंतर शब्दरूप मिळाले आणि अखेरीस नियमबद्ध जीवनपद्धती मिळाली. चमत्कारांच्या कथांनी लोक साकुरीस आले असतील. ते तेथे टिकले ते रोजच्या उपासनेच्या शिस्तीमुळे. ती शिस्त पाळण्याचा भार ज्यांनी उचलला, त्या बहुतेक मुली होत्या आणि त्यांची नावे इतिहासात फारशी नोंदली गेलेली नाहीत. संप्रदायाचा इतिहास वाचताना गुरूइतकेच लक्ष या अनाम जीवनांकडे देण्याची सवय तुम्ही लावून घ्यावी, हा या घटकाचा मुख्य आग्रह आहे.

७.११ शब्दार्थ

परिघावरील – मुख्य प्रवाहाच्या कडेला असलेला
मालगुजार – सारावसुलीचा हक्क असलेला जमीनदार
गोणपाट – तागाचे जाडेभरडे कापड
वेदाधिकार – वेद शिकण्याचा व म्हणण्याचा धर्ममान्य हक्क
धवळे – विवाहप्रसंगी गायची गीते

७.१२ स्वाध्याय

१. शिर्डीहून साकुरीस झालेल्या स्थलांतराची कारणे व परिणाम सविस्तर लिहा.
२. ‘कन्याकुमारी स्थानाने स्त्रीला अधिकारही दिला आणि तिच्या निवडीवर मर्यादाही घातली’ या विधानाची चर्चा करा.
३. शिर्डी, साकुरी आणि मेहेराबाद या तीन केंद्रांच्या गुरूच्या पश्चातील वाटचालीची तुलना करा.
४. महानुभाव पंथ आणि साकुरीचा संप्रदाय यांतील साम्ये व भेद थोडक्यात सांगा.
५. क्षेत्रीय कार्य : तुमच्या गावातील किंवा तालुक्यातील एखाद्या मठाची, दर्ग्याची वा आश्रमाची माहिती मिळवा. तेथील मूळ पुरुष किंवा स्त्री कोठून आली, ती जागा कशी मिळाली आणि आज रोजची व्यवस्था कोण पाहते, या तीन प्रश्नांच्या आधारे दोन पृष्ठांचे टिपण तयार करा. टिपणात ऐकीव कथा आणि पडताळलेली माहिती स्वतंत्र परिच्छेदांत लिहा.